मेमरीची गाठ: हाताने बांधावी की प्रेसमध्ये?

गुलटेकडीच्या मार्केट यार्डात हंगामाला माल वाढतो, गाळा वाढत नाही. भुसार विभागात पोत्यावर पोते चढते, थप्पी छताला टेकते, आणि तरीही दाराशी ट्रक उभाच असतो. अशा वेळी व्यापाऱ्यापुढे तीन वाटा असतात. आणखी एक गाळा घ्यावा, जादा माल दूरच्या गोदामात टाकावा, किंवा आहे त्याच जागेत माल दाबून बसवावा. पहिल्या वाटेला पैसा लागतो, दुसरीला वेळ आणि टेम्पोभाडे, तिसरीला मेहनत. धान्य दाबता येत नाही, म्हणून भुसारवाल्यांना तिसरी वाट बंद आहे. आम्ही कापडवाले मात्र पिढ्यान्‌पिढ्या त्याच वाटेने चाललो आहोत. तागे गाठीत बांधून येतात आणि कापूस तर प्रेसखाली गेल्याशिवाय प्रवासच करीत नाही. रुई दाबून जी गाठ होते ती आपल्या देशात १७० किलोची धरतात. तीच रुई मोकळी ठेवली तर तिला कित्येक पट जागा लागेल.

कापसाची ही कथा सांगण्याचे कारण असे की, त्याच गाळ्याच्या कोपऱ्यात टेबलावर जो संगणक बसलेला असतो, त्याच्या पोटात हाच पेच रोज पडत असतो. आमचा धंदा कापडाचा, परंतु मार्केट यार्डात आमची ऊठबस जुनी आहे आणि तेथील पेढ्यांवर आम्ही एक गोष्ट नेहमी पाहतो. जीएसटीच्या विवरणपत्रांची मुदत, म्हणजे महिन्याची ११ आणि २० तारीख, जवळ आली की मुनीमजी एका बाजूला टॅली उघडतात, दुसऱ्या बाजूला जीएसटीचे पोर्टल, तिसरीकडे बँकेचे पान, आणि व्हॉट्सॲप तर उघडेच असते. मग संगणक अडतो. काटा फिरत राहतो, ट्रकवाला पावतीसाठी उभा राहतो. दुरुस्तीवाला येऊन सांगतो, "शेठ, रॅम कमी पडते, मशीन बदला." दुसरा कोणी सांगतो की अमुक सॉफ्टवेअर टाका, रॅम दुप्पट होईल. तिसरा नवा मोबाइल दाखवतो, ज्याच्या खोक्यावर "८ अधिक ८, एकूण १६ जीबी" असे ठळक छापलेले असते.

त्यात १४ ऑक्टोबर २०२५ रोजी मायक्रोसॉफ्टने विंडोज १० चा नेहमीचा आधार बंद केला. त्याच वर्षाच्या अखेरीस मेमरीचे भाव झपाट्याने चढले, कारण कृत्रिम बुद्धिमत्तेच्या अवाढव्य संगणकांसाठी चिपवाल्या कारखान्यांनी आपले उत्पादन तिकडे वळवले. तेव्हा मेमरी दाबून बसवण्याची विद्या काय आहे, ती कोण करतो, आणि तिच्या नावावर आपल्याला काय विकले जाते, हे व्यापारी बांधवांनी समजून घेतलेले बरे.

गाळा, गोदाम आणि गाठ

संगणकाची रॅम म्हणजे गाळ्यातील हाताशी असलेली फळी. चालू काम तेवढे तिच्यावर असते. हार्ड डिस्क म्हणजे गोदाम. फळी भरली की ऑपरेटिंग सिस्टिम, म्हणजे विंडोज किंवा लिनक्स, सध्या न लागणारा माल उचलून गोदामात पाठवते आणि लागला की परत आणते. या ने-आणीत किती वेळ जातो, हे ऐकले की संगणक का अडतो ते कळते. रॅममधील माहिती साधारण १०० नॅनोसेकंदांत हाती येते. फिरत्या तबकडीच्या जुन्या हार्ड डिस्कला तेच काम करायला १० मिलिसेकंदांच्या आसपास लागतात. हे आकडे आपल्या मापात आणू. फळीवरून तागा काढायला १ सेकंद लागतो असे धरले, तर जुन्या हार्ड डिस्कच्या गोदामातून तो आणायला १ लाख सेकंद, म्हणजे एका दिवसाहून अधिक वेळ लागतो! नव्या एसएसडी डिस्कचे गोदाम जवळ आहे, तेथून माल यायला याच हिशेबाने पंधरा-वीस मिनिटे लागतात.

आता तिसरी वाट. ऑपरेटिंग सिस्टिम मेमरीची मोजदाद पानांनी करते. बहुतेक संगणकांत एक पान ४ किलोबाइटचे असते. जे पान काही वेळ कोणी उघडलेले नाही, ते गोदामात न पाठवता तेथेच फळीवर दाबून, त्याची लहान गाठ करून ठेवायची. लागले की गाठ सोडायची. गाठ सोडायला काही मायक्रोसेकंद लागतात; आपल्या मापात मिनिटभराच्या आतबाहेर. एक दिवस कोठे आणि एक मिनिट कोठे! या विद्येचा सगळा फायदा या फरकात आहे.

माहिती दाबली जाते कशी? यात जादू नाही, आपल्या वहीतच ती आहे. वहीत एकाखाली एक दहा ओळींत तेच गाव, तोच माल असेल तर मुनीमजी दहा वेळा लिहीत नाहीत, खाली दोन टिंबे ओढतात. वाचणारा समजतो. आमच्या वाडवडिलांच्या काळी दक्षिणेत फारसी-उर्दू हिशेबात सियाक नावाचे आकडे चालत. अरबी संख्यावाचक शब्दच आखडून, दाबून त्यांची खूण केलेली असे. जाणकार मुनीम एका खुणेत अख्खा शब्द वाचीत असे. संगणकही तेच करतो. जे वारंवार येते ते एकदा लिहितो आणि पुढे "वरीलप्रमाणे" अशी खूण ठेवतो. पान कोरेच असेल, सगळी शून्ये असतील, तर पान ठेवण्याचीही गरज नाही. "कोरे" एवढी नोंद पुरते. अशी कोरी पाने संगणकात वाटतात त्याहून पुष्कळ असतात.

आपल्या भाषेच्या बाबतीत तर गंमतच आहे. इंटरनेटची पाने ज्या यूटीएफ-८ पद्धतीने लिहिली जातात तिच्यात इंग्रजी अक्षराला १ बाइट लागतो, उर्दूच्या अक्षराला २, आणि देवनागरीच्या प्रत्येक अक्षराला, काना-मात्रेला व पाय मोडण्याच्या खुणेलासुद्धा ३. 'मार्केट' हा शब्द इंग्रजीत ६ बाइटांत मावतो, उर्दूत १२, मराठीत २१ बाइट घेतो. शब्द तोच, जागा साडेतीन पट. आमचे उर्दू शिक्षण झालेले असल्याने येथे थोडी बढाई मारावीशी वाटते. परंतु दाबायला घेतले की मराठी मजकूर उत्तम दबतो. कारण त्या तीन बाइटांतील पहिला दर वेळी तोच असतो आणि दुसरा दोनपैकी एक. खरी माहिती तिसऱ्यातच असते. याउलट फोटोच्या आणि व्हिडिओच्या फायली आधीच दाबलेल्या असतात. गुप्त लिपीत बंद केलेला मजकूर तर दबतच नाही. प्रेसमधून आलेल्या गाठीला पुन्हा प्रेसखाली घालून काय मिळणार? साधारण कामकाजात मेमरीची पाने निम्म्यावर किंवा तिसऱ्या हिश्श्यावर येतात. पण फ्लेक्स छापणाऱ्या आणि भरतकामाचे डिझाइन करणाऱ्या आपल्या कारागीर बांधवांना हे प्रमाण मिळेलच असे नाही.

हात की प्रेस?

येथवर माल दाबावा की नाही, हा प्रश्न होता. आता, दाबणार कोण?

एक प्रकार सॉफ्टवेअरचा. यात वेगळे यंत्र नाही. जो प्रोसेसर पावती काढतो, व्याज मोजतो, पोर्टलचे पान दाखवतो, तोच मधल्या वेळात गाठीही बांधतो. म्हणजे ट्रक खाली करणाऱ्या हमालालाच गाठी बांधायला लावले. हमाल रिकामा बसलेला असेल तर हे काम फुकटात होते. तो आधीच घामाघूम असेल तर ट्रकही खोळंबतो आणि गाठही सैल बांधली जाते. दुसरा प्रकार हार्डवेअरचा. दाबण्यासाठी वेगळी चिप किंवा चिपमध्येच वेगळा विभाग ठेवायचा. हमाल आपले काम करीत राहतो, प्रेस आपले काम करते. पण प्रेस विकत घ्यावी लागते, तिला जागा लागते, वीज लागते, आणि ती एकाच मापाची गाठ बांधते. उद्या बांधण्याची नवी रीत निघाली तर हमाल ती चार दिवसांत शिकतो. प्रेस मोडीत काढावी लागते.

ही गोष्ट पुण्याने स्वतः पाहिलेली आहे, जरी ती मेमरीच्या बाबतीत नसून लिपीच्या बाबतीत होती. १९८८ साली पुण्यात सी-डॅक ही सरकारी संस्था उभी राहिली. आयआयटी कानपूरमध्ये सुरू झालेले जिस्ट तंत्रज्ञान तिने पुढे नेले. त्या काळच्या डॉसच्या संगणकांना देवनागरी येत नव्हती आणि प्रोसेसरही दुबळे होते. म्हणून जिस्ट कार्ड नावाची एक पाटी संगणकाच्या खाचेत बसवावी लागे. मग साध्या इंग्रजी प्रोग्रॅममध्येही मराठी उमटू लागे. लिपीचे सगळे ओझे कार्ड वाहत असे. पुढे प्रोसेसर दमदार झाले, विंडोज आली, आणि सी-डॅकनेच ते काम सॉफ्टवेअरमध्ये आणले. विंडोज २००० पासून तर देवनागरी ऑपरेटिंग सिस्टिममध्येच आली. कार्ड वाईट नव्हते. हमाल इतका तगडा झाला की वेगळ्या माणसाची गरज उरली नाही, एवढेच.

अमेरिकेत त्याच सुमारास डिस्कच्या बाबतीत हेच घडले. स्टॅक इलेक्ट्रॉनिक्स या कंपनीचे स्टॅकर हे उत्पादन हार्ड डिस्कवरील माहिती दाबून जागा जवळपास दुप्पट करीत असे. ज्यांचा संगणक मंद होता त्यांच्यासाठी दाबणारे वेगळे कार्ड मिळे. ज्यांचा वेगवान होता त्यांना नुसते सॉफ्टवेअर पुरे. दोन-चार वर्षांतच कार्डाची मागणी ओसरली. १९९३ साली मायक्रोसॉफ्टने डॉस ६ मध्ये स्वतःचे दाबणारे सॉफ्टवेअर घातले, त्यावरून पेटंटचा खटला झाला, आणि १९९४ साली ज्युरीने मायक्रोसॉफ्टला १२ कोटी डॉलर भरपाई द्यायला सांगितले. उलट दाव्यात स्टॅकलाही १ कोटी ३६ लाख डॉलर ठोठावले. पुढे दोघांनी तडजोड केली. माल दाबण्याच्या एका रीतीची किंमत केवढी असू शकते, हे त्यावरून लक्षात यावे.

डिस्क झाली, आता रॅम. १९९३ साली फ्रेड डग्लिस या संशोधकाने स्प्राइट नावाच्या ऑपरेटिंग सिस्टिमवर मेमरी दाबण्याचा प्रयोग प्रसिद्ध केला. निष्कर्ष संमिश्र निघाला. काही प्रोग्रॅम दुपटीहून वेगवान झाले, काही उलट मंदावले. त्या काळी प्रोसेसर एवढा जलद नव्हता की दाबण्याचा खर्च नेहमीच भरून निघावा. १९९९ साली पॉल विल्सन, स्कॉट कॅप्लन आणि त्यांच्या सहकाऱ्याने हाच हिशेब पुन्हा मांडला. प्रोसेसर दर वर्षी वेगाने पुढे जात आहे, डिस्क मात्र मागे रेंगाळते आहे. तेव्हा जे १९९३ साली आतबट्ट्याचे होते ते आता फायद्याचे आहे, असे त्यांचे म्हणणे. व्यापाऱ्याला हे पटायला प्रबंध लागत नाही. टेम्पोभाडे वाढले आणि मजुरी तेवढीच राहिली, की बांधून ठेवणे परवडते.

मधल्या काळात मात्र बाजारात एक निराळाच माल येऊन गेला. १९९५ साली विंडोज ९५ आली तेव्हा एका मेगाबाइट रॅमला अमेरिकेत सुमारे ३० डॉलर पडत. लोक स्वस्त उपाय शोधत होते. १९९४ साली कनेक्टिक्स कंपनीने मॅकिंटॉशसाठी काढलेले रॅम डबलर खरोखर काम करीत होते. न वापरलेली जागा शोधणे, मग दाबणे, आणि अगदी नाइलाज झाला तर डिस्कवर टाकणे, अशी त्याची रीत होती. हे पाहून सिंक्रॉनिस या कंपनीने सॉफ्टरॅम ९५ काढले. खोक्यावर दावा असा की मेमरी दुप्पट होईल. सहा लाखांच्या आसपास प्रती खपल्या. जाणकारांनी तो प्रोग्रॅम उलगडून पाहिला तेव्हा दिसले की त्यात दाबण्याचे काम होतच नाही. पडद्यावर मेमरी वाढल्याचा आकडा तेवढा दिसत होता. १९९६ साली अमेरिकेच्या फेडरल ट्रेड कमिशनने कारवाई केली, कंपनीने तडजोड करून ग्राहकांना परतावा देण्याचे मान्य केले, आणि १९९८ साली तिचे दिवाळे वाजले. मार्केट यार्डात काट्यावर हात ठेवणाऱ्याला आपण काय म्हणतो, ते सांगायला नको. मापात पाप ते मापात पाप, मग ते पोत्याचे असो की मेगाबाइटचे.

या बदनामीमुळे मेमरी दाबण्याची विद्याच काही वर्षे संशयात सापडली, असे आमचे मत आहे. ती परत आली ती फुकटच्या लिनक्समधून. नितीन गुप्ता यांनी कॉम्पकॅश नावाने एक काम सुरू केले; त्याचेच पुढे झेडरॅम झाले आणि २०१४ साली ते लिनक्सच्या मुख्य प्रवाहात पक्के आले. यात रॅमचाच एक भाग गोदाम असल्यासारखा दाखवला जातो. तेथे गेलेले प्रत्येक पान दाबूनच ठेवले जाते. २०१३ साली अँड्रॉइड ४.४ मध्ये, केवळ ५१२ मेगाबाइट रॅमचे स्वस्त मोबाइल चालावेत म्हणून, झेडरॅमचा आधार दिला गेला. सप्टेंबर २०१४ मध्ये अँड्रॉइड वनचे स्वस्त मोबाइल जगात सर्वप्रथम भारतात विक्रीला आले. आपल्या गल्लीतील कारागिरांच्या हाती पहिला चांगला मोबाइल आला त्यामागे ही दाबण्याची विद्याही होती. ॲपलने २०१३ च्या मॅव्हरिक्समध्ये ती आणली, आणि त्यासाठी वापरली ती विल्सन-कॅप्लन यांचीच रीत. मायक्रोसॉफ्टने २०१५ साली विंडोज १० मध्ये घातली. दाबलेले पान सुमारे ४० टक्क्यांवर येते असे तेव्हा सांगण्यात आले. म्हणजे ज्यासाठी लोक १९९५ साली पैसे मोजत होते आणि हाती काही येत नव्हते, ते आज बहुतेक संगणकांत आणि मोबाइलमध्ये, वेगळे पैसे न देता, खरोखर चालू आहे. दुरुस्तीवाले हे क्वचितच सांगतात.

मग हार्डवेअर हरले काय? तसे नाही. आयबीएमने २००० साली एमएक्सटी नावाची योजना जाहीर केली. प्रोसेसर आणि मेमरी यांच्या मध्ये बसणारी एक चिप सगळी मेमरी आपोआप दाबीत असे. ऑपरेटिंग सिस्टिमला प्रत्यक्षाच्या दुप्पट मेमरी दिसे. दाबणे-सोडणे जाणवू नये म्हणून मध्ये ३२ मेगाबाइटची मोकळी जागा ठेवलेली होती. यंत्र खरे होते, फसवणूक नव्हती. तरी एक पेच राहिलाच. दुप्पट माल मावेल हे वचन माल दबणारा असेल तरच खरे. कोणी न दबणारी माहिती आणून भरली तर चिपने दाखवलेली जागा प्रत्यक्षात नसते. आणि ते वेळेवर ओळखून माल आवरायला शेवटी ऑपरेटिंग सिस्टिमलाच सांगावे लागले. प्रेस कितीही मोठी असली तरी गाळ्यात काय येते आणि काय नाही याचा हिशेब मुनीमजींकडेच राहतो. पुढे रॅमही स्वस्त होत गेली आणि ती योजना काही थोड्या सर्व्हरांपलीकडे टिकली नाही.

पुढे आयबीएमने जे केले ते आमच्या मते अधिक शहाणपणाचे. २०१० साली पॉवर७ या मोठ्या संगणकांत त्यांनी मेमरी दाबण्याचे काम सॉफ्टवेअरने सुरू केले. लोकांनी वापरून पाहिले, कोणते काम दबते आणि कोणते नाही हे कळले, प्रोसेसरचा किती वेळ जातो हे मोजले गेले. मग २०१२ साली पॉवर७ प्लसमध्ये त्याच कामासाठी वेगळा विभाग चिपमध्येच बसवला. हिशेब कोणता दाबायचा हे ठरवणार सॉफ्टवेअर, प्रत्यक्ष दाबणार हार्डवेअर. आधी हाताने करून पाहिले, गिऱ्हाईक पक्के झाले, तेव्हा प्रेस टाकली. धंदा करणारा कोणीही हाच क्रम धरील. इंटेलनेही २०२३ च्या सर्व्हर प्रोसेसरांत असा दाबणारा विभाग दिला, आणि २०२४ पासून लिनक्स त्याच्याकडून काम करून घेऊ शकते. बँका, विमा कंपन्या, मोठी डेटा सेंटरे यांच्याकडे हजारो प्रोसेसर दिवसरात्र भरलेले असतात. तेथे शंभरातील चार-पाच टक्के वेळ जरी गाठी बांधण्यात गेला, तरी त्याची रक्कम मोठी होते. अशा ठिकाणी प्रेसचे पैसे निघतात.

मार्केट यार्डातील गाळ्यात ते निघत नाहीत. आपला संगणक दिवसातील बराचसा वेळ रिकामाच बसलेला असतो. त्याचा प्रोसेसर पावतीची वाट पाहतो. रिकाम्या हमालाने गाठी बांधाव्यात, हेच येथे योग्य. शिवाय सॉफ्टवेअरची रीत बदलता येते: लिनक्समध्ये आधी एलझेडओ होती, मग २०११ साली निघालेली जलद एलझेड४ आली, त्यानंतर २०१६ ची अधिक घट्ट दाबणारी झेडस्टँडर्ड. संगणक तोच, हार्ड डिस्क तीच, एक अद्यतन आले आणि गाठ सुधारली. चिपमध्ये कोरलेल्या रीतीला हे जमत नाही.

खोक्यावरचे आकडे

आता ज्यासाठी हा लेख लिहावयास घेतला तेथे येतो. मोबाइलच्या खोक्यावरील "८ अधिक ८" यातील दुसरे ८ जीबी ही रॅम नव्हे. तो मोबाइलच्या साठवणुकीतील, म्हणजे गोदामातील, कापून घेतलेला तुकडा असतो. फळी आठ फुटांची आणि गोदामात आठ फूट जागा राखून ठेवलेली, याला कोणी सोळा फुटांची फळी म्हणत नाही. बऱ्याच खोक्यांवर फुली किंवा चांदणी काढून खाली बारीक अक्षरांत हे लिहिलेलेही असते. ते पूर्ण खोटे नाही, म्हणूनच अधिक घातक आहे. त्याचा थोडा उपयोग आहे, मागचे ॲप पटकन बंद पडत नाही. परंतु साठवणुकीच्या चिपवर सारखे लिहिले की ती झिजते, आणि वेग तर गोदामाचाच राहतो. खरी दाबण्याची विद्या, म्हणजे झेडरॅम, त्या मोबाइलमध्ये बहुधा आधीपासून चालू असते. तिची जाहिरात मात्र कोणी करीत नाही. आपल्यातले जे बांधव मोबाइलची दुकाने चालवतात त्यांना आमची विनंती आहे की गिऱ्हाइकाला पहिलाच आकडा सांगावा. दुसरा सांगायचाच असेल तर तो साठवणुकीतील आहे, हे जोडून सांगावे. चार मोबाइल कमी विकले जातील, गिऱ्हाईक परत येईल.

संगणकाचे म्हणाल तर मशीन बदलण्याआधी एक तपासणी घरच्या घरी होते. आपल्या मुलामुलींपैकी एमएस-सीआयटी केलेले कोणीही ती करून देईल. मुदतीच्या दिवशी, सगळे उघडलेले असताना, कंट्रोल, शिफ्ट आणि एस्केप ही तीन बटणे एकदम दाबावीत. टास्क मॅनेजर उघडतो. त्यात परफॉर्मन्सच्या भागात मेमरीवर गेले की वापरात असलेल्या मेमरीशेजारी कम्प्रेस्ड म्हणून एक आकडा दिसतो. हीच आपल्या संगणकाने बांधलेली गाठ. आता त्याच वेळी डिस्कचा आकडा पाहावा. गाठ बांधलेली आहे आणि डिस्क शांत आहे, तर मेमरी पुरते आहे; अडचण दुसरीकडे, बहुधा इंटरनेटमध्ये किंवा पोर्टलवरील गर्दीत आहे. त्यासाठी नवे मशीन घेऊन उपयोग नाही. गाठही मोठी आणि डिस्क शंभर टक्क्यांवर अडकलेली, तर दाबूनही जागा पुरत नाही आणि गोदामाच्या फेऱ्या सुरू झाल्या आहेत. आणि प्रोसेसर शंभर टक्क्यांवर असेल तर हमालच कमी पडतो आहे. अशा दहा-बारा वर्षांच्या जुन्या संगणकाला खरोखर रजा द्यावी.

मधल्या प्रकारात, म्हणजे डिस्क अडकत असेल तेव्हा, फिरत्या तबकडीची हार्ड डिस्क काढून एसएसडी बसवणे हा पहिला उपाय आणि खरी रॅम वाढवणे हा दुसरा. रॅम घेताना आपल्या संगणकात डीडीआर३ आहे की डीडीआर४ हे आधी पाहून घ्यावे, एकीच्या खाचेत दुसरी बसत नाही. विंडोज ३२ बिटची असेल तर ४ जीबीच्या वर टाकलेली रॅम वाया जाते. संगणक विंडोज ११ घेण्यास पात्र नसेल आणि काम केवळ पोर्टल, ईमेल आणि पत्रव्यवहाराचे असेल, तर लिनक्सचा विचार व्हावा. फेडोरासारख्या लिनक्समध्ये २०२० पासून झेडरॅम आपोआप चालू असते आणि ४ जीबीचा जुना संगणकही त्यावर बरा चालतो. टॅली मात्र विंडोजचा प्रोग्रॅम आहे, तेव्हा हिशेबाचा संगणक वेगळा ठेवावा.

आणि "रॅम बूस्टर", "मेमरी डबलर" अशा नावांनी जे काही इंटरनेटवर फुकट किंवा थोड्या पैशांत मिळते, ते टाकू नये. संगणक गाठी आधीच बांधतो आहे. दुसऱ्या कोणाला किल्ली दिली तर तो गाळ्यात शिरून काय उचलील, याचा भरवसा नाही. आणि त्या संगणकात आपल्या बँकेचा पासवर्डही असतो.